शमी बाटली घेत नाही

कात्रज, पुणे
रविवार, दुपार

प्रिय नम्रता,

पाकीट बघून दचकू नकोस. वाईट बातमी नाही. शमी समोर चटईवर झोपली आहे, पंखा दोनवर आहे, आणि रविवारच्या दुपारी आपल्या सोसायटीत असते तेवढी शांतता आहे. म्हणजे वरच्यांचा मिक्सर सोडला तर शांतता. मी शेवटचं पत्र दहावीच्या परीक्षेत लिहिलं होतं. बक्षीस मिळाल्याबद्दल मित्राचं अभिनंदन. त्याला पाचपैकी अडीच मार्क मिळाले होते. तेव्हा चुका सापडल्या तर सातवीच्या वह्या तपासायचीस तशा लाल पेनानं काढ. तू तशी चिडून लाल रेघा मारलेल्या मला चालतील, आवडतीलच.

घरचं सांगतो. गॅलरीतली तुळस तगली, गवती चहा गेला. तुझ्या शाळेतल्या मुलींनी एक मोठं कार्ड पाठवलं आहे, त्यात सगळ्यांच्या सह्या आहेत आणि 'लवकर बऱ्या व्हा' असं लिहिलेलं आहे. तुला काय झालंय ते त्यांना माहीत नाही, कावीळ सांगितली आहे. डेअरीतून मला अजून पंधरा दिवसांची रजा मिळाली. लॅबमध्ये माझ्या टेबलावर सध्या दुसरा माणूस बसतो आणि टँकर आले की तोच दूध तपासून फॅट काढतो. मी इथे एका माणसाचं दूध सांभाळतो आहे. हे काम जास्त अवघड आहे.

दिवस कसा जातो म्हणशील तर तो जातच नाही, मला त्याला ढकलावं लागतं. सकाळी भांडी उकळायची, कपडे वाळत घालायचे, शमीला तेल लावून अंघोळ. मग अकरा वाजतात आणि घरात बोलायला कुणी नसतं. मी तिच्याशी बोलतो. काय बोलणार? लॅक्टोमीटर कसा वाचायचा ते सांगितलं, कुठल्या गावच्या दुधात पाणी असतं ते सांगितलं. ती ऐकते. लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर विचारतात, 'हल्ली घरीच? मिसेस कुठे?' मी सांगतो, बार्शीला, माहेरी. लोकांना एवढं पुरतं. एकदा असं सांगितलं की पुढचं काही बोलता येत नाही, कारण मग कशाबद्दलही बोललं तरी ते खोटं उघडं पडायची भीती. म्हणून मी जिन्यानं जायला लागलो. चार मजले, कडेवर शमी. जिन्यात कुणी भेटत नाही.

तुला हॉस्पिटलात नेलं त्या गुरुवारचं किती आठवतं मला माहीत नाही. तुझ्या डॉक्टर इनामदार मॅडम म्हणाल्या, काही आठवेल, काही आठवणार नाही, दोन्ही चालेल. तू आठ दिवस झोपली नव्हतीस. शमी दहा आठवड्यांची होती. तू दर दोन तासांनी अंगावरचं दूध वाटीत काढून सिंकमध्ये ओतायचीस आणि नळ सोडून ठेवायचीस. म्हणायचीस, नासलंय, हिला बाधेल. आणि मग शमी फारच रडली की न राहवून तिला जवळ घ्यायचीस, पाजायचीस, आणि पाजताना स्वतः रडायचीस. हॉस्पिटलात त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं की या गोळ्या चालू आहेत तोवर बाळाला अंगावर पाजायचं नाही, औषध दुधात उतरतं. तू माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणालीस, 'बघ. मी सांगत होते ना.' मला तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. गोळ्यांमुळे बंद करायला सांगताहेत, तुझ्या दुधामुळे नाही, एवढंसं वाक्य. मी फॉर्मवर सही करत होतो. तुझ्या आई तुझ्याजवळ थांबल्या, मी शमीला घेऊन घरी आलो. वाटेत पावडरच्या दुधाचा डबा आणि दोन बाटल्या घेतल्या.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. गेले चार आठवडे रोज संध्याकाळी सहा वाजता तुला पाच मिनिटं फोन देतात. पहिल्या दिवशी तू एकच विचारलंस, 'प्यायली का?' तुझा आवाज फार लांबून, गोळ्यांखालून आल्यासारखा येत होता. मी म्हणालो, हो, गटागटा प्यायली, बाटली संपवली. दुसऱ्या दिवशी म्हणालो, आता बाटली दिसली की हात पुढे करते. तिसऱ्या दिवशी काय सांगितलं ते आठवतही नाही, इतकं सोपं झालं होतं. नम्रता, शमी बाटली घेत नाही. तिनं बाटली एकदाही घेतली नाही. आजपर्यंत नाही.

पहिल्या संध्याकाळी मी डब्यावरच्या सूचना तीन वेळा वाचून दूध केलं. मनगटावर थेंब टाकून पाहिला. साठ मिली, सदतीस अंश. मला वाटलं, दुधाचं तापमान राखण्यात आपली उभी नोकरी गेली, हे आपल्याला जमणारच. तिनं बाटलीचं रबरी बूच ओठाला लागू दिलं, एकदा चाटलं, आणि जिभेनं बाहेर ढकललं. पुन्हा दिलं तर पाठीची कमान करून अशी किंचाळली की समोरच्या दारातून कुणीतरी डोकावलं. मी मांडीवर घेऊन दिलं, खांद्याशी धरून दिलं, फिरत दिलं, गॅलरीत बसची हॉर्नबाजी ऐकवत दिलं. बूच कोमट पाण्यात धरून मऊ केलं. दुकानात जाऊन चार प्रकारची बुचं आणली, एक तर आईच्या अंगासारखं म्हणून खोक्यावर छापलेलं होतं. तिला छपाई वाचता येत नाही. दुसऱ्या दिवशी तर बाटली नुसती लांबून दिसली तरी तोंड फिरवायला लागली. शेवटी चहाच्या चमच्यानं थेंब थेंब घातलं. अर्ध्या तासात वीस मिली आत गेलं, त्यातलं निम्मं हनुवटीवरून गळ्यात. मी तिचे ओले लंगोट मोजायला लागलो. चार. मग तीन.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण आज लाज बाजूला ठेवली आहे. कुणीतरी मोबाइलवर लिहिलं होतं की आईच्या वासाचं कापड जवळ ठेवा. तुझी ती निळी ओढणी, धुवायच्या टोपल्यातली, मी गळ्यात गुंडाळून घेतली आणि शमीला छातीशी धरलं. ती एकदम थांबली. नाक घुसवून शोधायला लागली, इकडून तिकडे, तोंड उघडं टाकून, ओढणीच्या घडीत. तिला वाटलं तू आलीस. मी त्या वेळी हळूच बाटली पुढे केली. तिनं बूच तोंडात घेतलं, सोडलं, आणि मान मागे करून माझ्या तोंडाकडे बघितलं. रडली नाही. नुसती बघत राहिली. दहा आठवड्यांच्या बाळाला फसवणूक कळते का मला माहीत नाही. मी ओढणी घडी करून कपाटात ठेवली आणि पुन्हा तसं केलं नाही.

त्याआधीच, दुसऱ्या दिवशी, मांगडेवाडीहून आमची आई आली होती. दादाच्या घरून, गुडघे दुखत असताना, जिना चढून, कारण लिफ्टची तिला भीती. मला इतकं बरं वाटलं की तिच्या हातात शमीला दिली आणि मी मोरीत जाऊन तोंड धूत बसलो. तिनं शेळीचं दूध आणलं होतं, कापसाच्या बोळ्यानं पाजायला. डॉक्टरांनी नको म्हटलंय म्हणालो तर तिनं ते ओट्यावर झाकून ठेवलं. दोन दिवस तिनं खूप केलं, खोटं बोलणार नाही. स्वयंपाक, शेक, अंगाई. पण सारखं तिचं चालू, 'तिला लागलंय कायतरी. केस मोकळं सोडून गॅलरीत बसायची. एकदा बघणाऱ्याकडं न्यायला काय हाय?' मी ऐकून घेत होतो. चौथ्या दिवशी दुपारी शमी चमचासुद्धा घेईना तेव्हा ती म्हणाली, 'आईचं दूधच तसलं व्हतं. त्याचीच सवय लागली पोरीला.'

मी म्हणालो, 'आई, हे वाक्य या घरात पुन्हा बोलायचं नाही.'

मी आवाज चढवला नव्हता. तिनं पदर खोचला, पिशवी भरली, आणि म्हणाली, 'मग मी कशाला बसू?' मी तिला थांब म्हणालो नाही. खाली जाऊन रिक्षात बसवली. ती गेल्यावर घर पहिल्यापेक्षा मोठं झालं. अजून ती इकडे आली नाही. पण रोज सकाळी दादाच्या फोनवरून विचारते, 'आज किती प्याली?' तुझ्याबद्दल काही विचारत नाही. कसं विचारायचं ते तिला कळत नाही, असं मला आता वाटतं.

पाचव्या दिवशी शमीला मोघे डॉक्टरांकडे नेलं. वजन दोनशे ग्रॅम उतरलं होतं. तुला त्यांचं बोलणं माहीत आहे. मी बुचांचे चार प्रकार सांगितल्यावर म्हणाले, 'चव कळते हिला. म्हणजे तुमच्यावर गेलेली नाही.' मग काटा पुन्हा एकदा बघितला आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, अजून दोन दिवस बघू, सहा लंगोट ओले झाले पाहिजेत, नाहीतर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. बाहेर बाकावर सगळ्या आया बसल्या होत्या, मांडीवर बाळं. एकीनं पदराआड घेऊन पाजायला सुरुवात केली आणि शमीनं तो आवाज ऐकून मान वळवली. मी तिला घेऊन उन्हातच बाहेर उभा राहिलो.

त्या संध्याकाळी फोनवर मी तुला सांगितलं की डॉक्टर वजनावर खूश आहेत.

आबेदाभाभी त्याच दुपारी वर आल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या, मकबूलभाईंचं बुकबाइंडिंगचं दुकान आहे बघ, त्यांच्या घरातल्या. आपलं त्यांचं नातं दिवाळीचा फराळ आणि ईदचा शीरखुर्मा एवढंच. मी डॉक्टरांकडून आलो होतो, दार उघडंच राहिलं होतं, शमी रडत होती आणि मी चमचा हातात धरून जमिनीवर बसलो होतो. त्यांनी विचारलं, नम्रता कुठे? मी ठरलेलं सांगितलं, माहेरी. त्या म्हणाल्या, 'माहेरी गेलेली बाई बाळ घेऊन जाते, रणजितभाऊ.' आणि शमीला माझ्या मांडीवरून उचललं. मग मी त्यांना सगळं सांगितलं. चार-पाच दिवसांत पहिल्यांदा खरं बोललो आणि वाक्यं नीट लागेनात. त्यांनी मध्ये एकदाही तोंडात बोट घातलं नाही, अरेरे म्हणाल्या नाहीत. ऐकत ऐकत शमीची मान पुसली.

त्या खाली जाऊन त्यांच्याकडचं बोंडलं घेऊन आल्या. आपल्याकडे आजी-पणजीच्या काळी असायचं ते, चोच असलेली छोटी वाटी. त्यांचं स्टीलचं आहे, जाड, आता कुठे मिळतं कोण जाणे. उकळून घेतलं. मला भिंतीला टेकून बसवलं, शमीला मांडीवर जवळजवळ उभी धरायला लावली, डोकं माझ्या कोपरात. म्हणाल्या, ओतायचं नाही. चोच खालच्या ओठावर ठेवायची आणि थांबायचं. तिला येऊ द्यायचं. मी थांबलो. शमीनं जीभ बाहेर काढली, दूध लागलं, तोंड वाकडं केलं. मी पुन्हा थांबलो. आबेदाभाभी माझा हात नुसता धरून होत्या, कारण माझा हात ओतायला बघत होता. मग तिनं जिभेनं थोडं ओढून घेतलं, मांजराच्या पिल्लासारखं. गिळलं. परत ओढलं. पंचेचाळीस मिनिटांत चाळीस मिली गेलं. रात्रीपर्यंत पाच लंगोट झाले, दुसऱ्या दिवशी सात. मी मोघे डॉक्टरांना फोन करून विचारलं, बोंडलं चालेल का? ते म्हणाले, 'बाटलीच्या आधीही मुलं वाढतच होती. उकळून घ्या आणि घाई करू नका.'

भाभींनी त्यानंतर एक सांगितलं, ते तुला सांगायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे. त्यांचा कासिम झाल्यावर त्यांनी चार महिने त्याच्याकडे बघितलं नव्हतं. बघायला भीती वाटायची. तेव्हा त्या भीतीला कुणी काही नाव दिलं नाही, औषध दिलं नाही, नणंदेनं याच बोंडल्यानं त्याला पाजलं आणि घरातल्यांनी 'हिला आळस आला' म्हटलं. पाचव्या महिन्यात एक दिवस त्याला अंघोळ घालावीशी वाटली, एवढंच. कासिम आता हिंजवडीत नोकरीला आहे आणि त्याचं लग्न ठरलंय. भाभी म्हणाल्या, 'तिला सांगा, मी अजून कुणाला हे सांगितलं नव्हतं. मकबूललासुद्धा अर्धंच माहीत आहे.' त्या रोज दुपारी तीनला येतात. दिवसात तेवढाच एक तास मी दुसऱ्या मोठ्या माणसाशी बोलतो. बाकी वेळ मी, शमी आणि मिक्सर.

तर आता शमी दिवसातून आठ वेळा बोंडल्यानं पिते. नव्वद मिलीपर्यंत जाते. कालचं वजन पाच किलो चारशे. तिला पावडरचं दूध आवडतं असं नाही, चालवून घेते. दर वेळी पहिला घोट घेताना तोंड वाकडं करते, माझ्या शर्टाकडे वळते, कापडावर तोंड घासते, काही मिळत नाही हे पाहून मग परत बोंडल्याकडे येते. चार आठवडे झाले, ती अजून आधी शोधते.

अजून एक खोटं राहिलंय, आणि ते पहिलं आहे. तुला दवाखान्यात नेण्याच्या आदल्या आठवड्यात तू मला एक छोटा स्टीलचा डबा दिला होतास. झाकणाला रबर लावलेलं. म्हणालीस, 'तुझ्या लॅबमध्ये तपासून आण. तू रोज हजारो लिटर दूध तपासतोस, माझं एवढं तपास.' मला आठवतं, तू ते अगदी शहाण्या माणसासारखं म्हणालीस. ते खरंच शहाणपणाचं होतं. तुला शंका होती आणि तू पुरावा मागत होतीस. मी डबा डेअरीत नेला. लॅबमध्ये तिघं होते. बायकोचं दूध काढून मशीनवर लावलं तर हे काय म्हणतील, असं माझ्या डोक्यात आलं. मी मुतारीशेजारच्या बेसिनमध्ये ते ओतलं, डबा विसळला, आणि संध्याकाळी तुला सांगितलं की रिपोर्ट एकदम चांगला आहे. तू विचारलंस, फॅट किती? मी म्हणालो, चार पॉइंट दोन. तू म्हणालीस, मशीनची चिठ्ठी दाखव. मी म्हणालो, राहिली. दुसऱ्या दिवशी तू परत चिठ्ठी मागितलीस. तिसऱ्या दिवशी मागितली नाहीस आणि दूध सिंकमध्ये ओतायला सुरुवात केलीस. तुला बरं नव्हतं हे खरं. मॅडम म्हणतात, चिठ्ठी दाखवली असती तरी आजार थांबला नसता. तसंही असेल. पण या घरात तुला एकटीला वाटत होतं की आपल्याशी कुणीतरी खोटं बोलतंय, आणि ते तुझ्या आजारातलं नव्हतं. ते खरं होतं. मी बोलत होतो.

आता हे पत्र का, ते सांगतो. गेले दहा-बारा दिवस तू फोनवर शमीचं विचारणं बंद केलं होतंस. मला वाटलं, चला, काळजी कमी झाली, बरी होते आहे. शुक्रवारी इनामदार मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, नम्रताची झोप परत आली आहे, आवाज ऐकू येत नाहीत, घरी सोडायचा विचार करता येईल, पण ती नको म्हणते. तू त्यांना सांगितलंस म्हणे की शमी पहिल्या दिवसापासून बाटली गटागटा पिते, म्हणजे तिलाही माझं दूध नकोच होतं, मी नसले तर ती जास्त चांगली राहील. मॅडमनी मला विचारलं, ती खरंच बाटली घेते का? मी शमीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग सांगितलं. त्यांनी विचारलं, मग तिला का नाही सांगितलंत? मी म्हणालो, तिला त्रास होईल म्हणून. त्या म्हणाल्या, 'तिला, की तुम्हाला?' आणि म्हणाल्या, फोनवर सांगू नका, तिचा आवाज ऐकलात की परत गोड बोलाल. लिहा, म्हणजे ती चार वेळा वाचेल. म्हणून लिहिलं. तुझं दूध नासलेलं नव्हतं, नम्रता. मी ते मशीनवर लावलं नाही, माझ्याकडे चिठ्ठी नाही. माझ्याकडे फक्त एवढंच आहे की एक मुलगी त्याच्याऐवजी दुसरं काही घ्यायला पाच दिवस तयार नव्हती, वजन उतरलं तरी नव्हती, आणि अजून माझा शर्ट हुंगून बघते. गोळ्या चालू आहेत तोवर तू तिला पाजू शकणार नाहीस, कदाचित पुढेही दूध परत येणार नाही. ते तुझ्यापासून लपवत नाही. पण ती दूधच शोधते असं मला वाटत नाही. मॅडमनी गुरुवारी अकराची वेळ दिली आहे. मी तिला घेऊन तुमच्या वॉर्डच्या इमारतीखालच्या बागेत येतो. ती तुला बघून हसेल असं मी सांगत नाही. रडेल, किंवा तुला ओळखायला वेळ घेईल, किंवा झोपलेलीच असेल. मला माहीत नाही, आणि आता माहीत नसलेलं मी सांगणार नाही. तू फक्त खाली ये.

तू ठेवशील तोवर तुझाच,
रणजित